शुभा, मी ऑर्डर रद्द केली नाही

शुभा,

सायकल घेतली. आधी हे सांगून टाकते, कारण तू असतीस तर बाकीचं काही ऐकूनच घेतलं नसतंस. हिरवीच घेतली. खाली वळलेल्या हँडलची, आपण लहानपणी जिला रेसर म्हणायचो तसली. आपण दोघींनी दुकानात उभं राहून ऑर्डर दिली होती तीच. ती दुकानात येईपर्यंत मधल्या मध्ये तू मेलीस, त्यामुळे ऑर्डर रद्द करावी असं बऱ्याच जणांचं मत पडलं. माझ्या घरच्यांचंसुद्धा. मी रद्द केली नाही.

'गेलीस' असं लिहायची पद्धत आहे, पण मला ते लिहवत नाही. तू कुठेही जायची असलीस की आदल्या दिवसापासून मेसेज करून माझं डोकं खायचीस. रविवारी दुपारी, बाहेर धो धो पाऊस, तू सोफ्यावर बसून बातम्या बघत होतीस. चहाचा कप टेबलावर ठेवलास, तुझ्या श्रीकांतला म्हणालीस, "डोकं फार दुखतंय रे," आणि संपलं. आपण दोघींनी जिथे इतकी वर्षं नोकरी केली त्याच हॉस्पिटलात तुला नेलं. तू लहान मुलांची डॉक्टर, मी रेडिओलॉजिस्ट. तुझा स्कॅन ज्यानं पाहिला तो माझ्याच खोलीत माझ्या शेजारी बसणारा माणूस. तो मला सांगायला स्वतः घरी आला. दारात उभा राहून बूट काढायचे की नाही याचाच विचार करत राहिला बिचारा.

मेंदूतल्या रक्तवाहिनीवर एक छोटा फुगा असतो. कित्येक वर्षं गप्प बसलेला असतो आणि एक दिवस फुटतो. असले फुगे बघणं हा माझा धंदा आहे. तो लिफ्टमध्ये फुटला असता, मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीत फुटला असता, झोपेत फुटला असता. फुटला तो सोफ्यावर. तुझी सायकल त्या दिवशी गॅरेजमध्ये कोरडी ठणठणीत उभी होती.

आणि तरी सगळ्यांनी मिळून सायकलवर ठपका ठेवला. दोन दिवसांत कार्डिफमधल्या यच्चयावत मराठी माणसांचं एकमत झालं, जे मंडळाच्या दिवाळीच्या मेन्यूवरसुद्धा कधी होत नाही. बरं, हे बोलणारे कोण? एक हृदयरोगतज्ज्ञ, दोन भूलतज्ज्ञ आणि जी.पी. तर विचारूच नकोस. तुझ्याच बैठकीच्या खोलीत, तुझ्या फोटोसमोर बसून माना हलवत होते.

कुमुदताईंना तू ओळखतेसच, पण आज त्यांच्याबद्दल नीट लिहायला हवं, नाहीतर माझ्याकडून अन्याय होईल. निवृत्त गायनॅक, कुणाच्याही घरी आजारपण आलं की डबा घेऊन सगळ्यांत आधी पोचणाऱ्या. तुझ्या घरी पहिले चार दिवस त्यांनीच स्वयंपाक केला. भाकरी थापता थापताच मला म्हणाल्या, "नीलिमा, मी म्हणते, बॉडीला काही रेस्ट नको? रोज हॉस्पिटलला सायकल, शिवाय वीकेंडला त्या लाँग राइड्स. पन्नाशी उलटल्यावर कुठेतरी स्ट्रेन येणारच ना."

"ताई, ती सोफ्यावर बसली होती."

"तेच तर. आदल्या दिवशी गेली होती ना राइडला?"

"आदल्या दिवशी तिनं पुरणपोळ्यापण केल्या होत्या. मग आता पुरणपोळ्या बंद करायच्या का?"

मिलिंदनं माझ्या कोपराला चिमटा काढला. हा माझा नवरा, जन्मात कुणाशी भांडला नाही. घरी येताना गाडीत मला म्हणाला, "नीलू, दे ना सोडून. लोकांना काहीतरी कारण लागतं. आणि तुझी ती ऑर्डर... प्लीज, निदान सध्या तरी नको." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी गप्प बसले. पण पटलं मुळीच नव्हतं.

पुढची गंमत ऐक. इथे स्मशानाची तारीख मिळायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. त्यामुळे वाद सुरू झाला की सूतक मोजायचं कधीपासून. मृत्यूपासून की अग्नी दिल्यापासून? पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर एक म्हणाले, तुझ्या सासरचे नागपूरचे गुरुजी दुसरं. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर दोन तट पडले. तेव्हा मी कुमुदताईंना सरळ विचारलं की ताई, मला सूतक आहे का? त्या म्हणाल्या, "तुला कुठलं? मैत्रिणीला नसतं सूतक." झालं तर मग. ज्यांना होतं त्यांचं सुरू झालंय की नाही हे ठरत नव्हतं, आणि मला मुळात नव्हतंच. मी गाडी काढली आणि दुकानात गेले.

गॅरेथनं सायकल बाहेर आणली, पण माझ्याकडे बघेना. तो आपला उंच, टक्कल पडलेला, एरवी सतत हवेबद्दल बोलणारा माणूस. शेवटी म्हणाला, "तिनं तुमची उंची मोजायला लावली होती ना, त्या दिवशी तुम्ही पाच फूट दोन सांगत होतात आणि ती म्हणत होती, खोटं बोलते, पाच-एक." मग आम्ही दोघंही दुकानात उभे राहून रडलो. दुसरं गिऱ्हाईक आलं तसे गप्प झालो.

त्या ट्रायलच्या दिवशी तू किती हसली होतीस! माझे हात आखूड, ब्रेकच्या दांड्यांपर्यंत बोटं पोचेनात. गॅरेथनं स्क्रू फिरवून दांड्या जवळ आणल्या. मग मी दुकानामागच्या गल्लीत निघाले, वाकून, जीव मुठीत धरून, आणि सरळ कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आदळले. तू फुटपाथवर बसकण मारलीस. "काय बाप्पा, पुण्याची ना तू? पुण्याच्या पोरी पोटातून सायकल शिकून येतात म्हणे!" मी म्हटलं, पुण्याची सायकल ताठ बसून चालवायची असते, ही चालवायची म्हणजे जमिनीवर पडलेला कानातला डूल शोधायचा. पण उठून परत गेले. दुसऱ्या फेरीत जमलं. तिसऱ्या फेरीला परत यावंसंच वाटेना, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

मग स्टँडवरून भांडण. मला मडगार्ड हवं, मागे बॅग लावायला कॅरियर हवं आणि स्टँड हवा. रोज कामावर न्यायची सायकल आहे, भिंत शोधत कुठे फिरू? मडगार्ड तू मान्य केलंस, कारण कार्डिफचा पाऊस. कॅरियरला नाक मुरडून हो म्हणालीस. पण स्टँड म्हटल्यावर तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. "रेसरला स्टँड? अगं, लग्नात शालूवर स्वेटर घालशील का?" मी म्हटलं, कार्डिफच्या लग्नात सगळ्या घालतातच की. गॅरेथला काही कळलं नाही, पण तो तुझ्या बाजूनं होता. पुढच्या वेळी बघू, असं ठरलं. ती पुढची वेळ आलीच नाही, म्हणून मी एकटीनं निकाल लावला. स्टँड लावलाय. हिंमत असेल तर येऊन भांड.

तुझ्या सायकलची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आता मात्र ती सांगत सुटले आहे, आणि का ते तुला कळेल. तू तुझी पहिली रेसर घेतलीस ती दसऱ्याच्या सुमारास. नवं वाहन पूजेशिवाय चालवायचं नाही म्हणून मी तुला घरी बोलावलं, ताट तयार केलं, औक्षण केलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. स्वस्तिक काढायला जागा शोधत होते. नळ्या इतक्या बारीक की बोट मावेना. मग चाकाच्या मधोमध ती स्टीलची गोल चकचकीत चकती दिसली. मला वाटलं, देवानं याच कामासाठी दिलीय. तेलात कालवलेलं कुंकू घेऊन मी त्या चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसठशीत स्वस्तिक काढलं. तुलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की त्या चकतीलाच ब्रेक लागतो आणि तिला तेलाचं बोटसुद्धा चालत नाही. दुसऱ्या दिवशी तू पेनार्थच्या उतारावरून खाली आलीस. ब्रेक नुसता किंचाळत होता, धरत काही नव्हता. शेवटी तू एका झुडपात घुसून थांबलीस. गॅरेथनं विचारलं, हे लाल काय आहे? तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "रिलिजियस." आणि मला फोन करून हसत सुटलीस, "नीलू, देवाच्या कृपेनंच मरत होते मी आज!"

आता मला सांग. त्या दिवशी तू खरंच मेली असतीस, तर मंडळातल्या एकानं तरी म्हटलं असतं का, की या वयात पूजा कशाला? शक्यच नाही. तेव्हासुद्धा सायकललाच बोल लावला असता. हाच प्रश्न मी आता ज्याला त्याला विचारते. लोक मला टाळायला लागलेत. टाळू देत.

पण एका माणसाला मी असं सुनवू शकत नव्हते. श्रीकांतला. तुझी सायकल गॅरेजमध्ये होती आणि गॅरेजला त्यानं कुलूप लावलं होतं. किल्ली खिशात घेऊन हिंडायचा. मंडळातलं कुणीतरी येऊन सायकल चॅरिटी शॉपला देऊन टाकणार, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. तो लोकांसारखा मतं मांडत नव्हता, फक्त मान हलवायचा. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. त्याला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि मटाराएवढ्या फुग्यावर कसं चिडणार?

तुझी ईशा मात्र माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, अगदी तू राहायचीस तशी, एक पाय दुमडून. "मावशी, मला आईचा बाईक पाहिजे. मी कौन्सिलच्या ऑफिसला त्याच्यावर जाणार, एव्हरी डे. बाबा म्हणतो, नो वे. तो म्हणतो, आय कान्ट लूज यू टू. पण मावशी, आई त्या बाईकवर हॅपी होती ना? मग सगळे असे का बोलतात, जसं काय आईने समथिंग राँग केला?"

तिच्या त्या मोडक्या मराठीत जे होतं ते मला इतके दिवस धड मांडता आलं नव्हतं. तू काहीतरी चूक केलीस आणि मेलीस, असं ठरवून टाकलं की बाकीच्यांना सुखानं झोपता येतं. ते तशी चूक करणार नाहीत ना! आणि त्यासाठी तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत आनंदाची गोष्ट तुझ्या मरणाचं कारण करून टाकायची. हे मी होऊ देणार नव्हते. आधी ईशाच्या मनातून ते काढायचं आणि मग श्रीकांतच्या.

मार्ग कुमुदताईंनीच दिला. तुझ्या भावाला व्हिसा वेळेत मिळाला नाही. दुखवट्याचे कपडे माहेरच्यांनी आणायचे असतात. ते घरच्यांनी तिथल्या तिथे अंगावर घालायचे आणि मग आपापल्या कामाला लागायचं, अशी रीत. ताई म्हणाल्या, "माहेरची म्हणून तूच आण, नीलिमा. तूच बहीण तिची." सुतकाला मी कुणी नव्हते, दुखवट्याला बहीण झाले. मी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

मी गॅरेथकडे गेले आणि सायकलवर घालायची दोन रेनजॅकेटं घेतली, भडक पिवळी, मैलभरावरून दिसतील अशी. एक ईशाच्या मापाचं, एक मोठं. त्यानं विचारलं, मोठं कुणाला? तिच्या नवऱ्याला, म्हटलं. तो सायकल चालवतो? नाही. गॅरेथनं हातातलं ठेवलं आणि त्याहून एक माप मोठं काढून दिलं, स्वेटरवरून घालता यावं म्हणून.

तेराव्याला ताटात नारळ, कुंकू आणि ती जॅकेटं. कुमुदताईंनी घडी उचलून बघितली. "हे काय गं?"

"कपडे. नवे आहेत."

"अगं, शर्टपीस, ड्रेस, असं काहीतरी आणायचं ना! हे कसलं?"

लॅपटॉपवरून गुरुजींचा आवाज आला, "नवं वस्त्र आहे ना? झालं तर मग. चालवून घ्या. पुढे संध्याकाळची दुसरी पूजा आहे माझी."

श्रीकांत ताटाकडे नुसता बघत राहिला. मग त्यानं ताटाची कड धरली. मला वाटलं, आता हा ताट उलथून टाकणार आणि या घराचं दार मला कायमचं बंद होणार. तरी मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "श्रीकांत, चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड. पण शुभाला सायकलनं मारलं असं माझ्यासमोर पुन्हा कुणी म्हणायचं नाही. मी डॉक्टर म्हणून सांगतेय आणि बहीण म्हणून पण सांगतेय. ती सोफ्यावर मेली. सायकलवर ती जगत होती, रोज, आणि आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त."

ईशानं पुढे होऊन तिचं जॅकेट उचललं आणि घातलं. "बाबा, घाल ना." त्यानं एक हात घातला, दुसरी बाही सापडेना. माझा कधी कुणाशी न भांडणारा नवरा उठला आणि त्यानं ती बाही धरली. झब्ब्यावर चेन अडकत होती, तीही त्यानंच लावून दिली. श्रीकांत ते जॅकेट घालून गोडाच्या जेवणाला बसला, घामाघूम झाला, पण काढलं नाही. त्या दिवशी सायकलचा विषय कुणी काढला नाही. पण गॅरेजची किल्लीही त्यानं दिली नाही.

मी दुसऱ्या दिवसापासून सायकलवर कामावर जायला लागले. मिलिंद रोज दारात उभा राहतो, काही म्हणत नाही. नदीकाठच्या रस्त्यानं जाते, तू जायचीस त्याच. पहिल्या आठवड्यात मान आखडली, तळवे दुखले, लाल दिव्याला पाय टेकवताना दोनदा पडता पडता वाचले. मग एक दिवस समोरून असला वारा आला की पेडल हलेना. तू कित्येकदा सांगितलं होतंस, "हँडलच्या खालच्या वळणाला धरून वाक, वारा डोक्यावरून जातो." मी कधी धीर केला नव्हता. त्या दिवशी वाकले. आणि शुभा, वारा गेला. एकदम शांत झालं, फक्त चाकांचा आवाज. तुला फोन करायला मी सायकल थांबवली, खिशात हात घातला आणि मग आठवलं. पुलाखाली उभी राहून इतक्या मोठ्यानं शिव्या घातल्या तुला की कुत्रा फिरवणारी एक बाई विचारायला आली, बरी आहेस ना? नाही, म्हटलं, बरी नाही. मैत्रीण मेलीय माझी. ती थोडा वेळ शेजारी उभी राहिली.

मला तुझा राग येतो. या वयात मला या नादाला लावलंस आणि स्वतः पहिल्याच वळणाला सोडून दिलंस. वसंतात डोंगरातल्या ब्रेकन गावापर्यंत जायचं ठरलं होतं आपलं, वाटेत दोन ठिकाणी चहा, दुसऱ्या दिवशी परत. आता ते कुणाबरोबर करू? आणि त्याच दमात सांगते, मी तुझी जन्माची ऋणी आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या मेंदूंची चित्रं बघणाऱ्या बाईला तू उजेडात ओढून काढलंस. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आपल्यात तसलं बोलायची पद्धतच नव्हती. आभार मानले असते तर तू मला वेड्यात काढलं असतंस.

गेल्या रविवारी ईशाला घरी पडून असलेली माझी जुनी, साधी सायकल देऊन थोडं फिरवून आणायचं ठरवलं होतं. सकाळपासून पाऊस. मिलिंदनं ती गाडीत घातली आणि आम्ही तुझ्या घरी पोचलो. बघते तर गॅरेज सताड उघडं. आत तुझी सायकल उलटी ठेवलेली आणि श्रीकांत तिच्यापाशी जमिनीवर बसलेला, लेंग्याला वंगण लागलेलं. ईशा हेल्मेट घालून शेजारी उभी होती आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगत होती की काही बोलू नकोस.

त्यानंच मान वर केली. "मागचा दिवा संपला होता. मी चार्ज केलाय. हवा कमी वाटतेय, जरा बघ तू, मला त्यातलं काही कळत नाही." मग सायकल सरळ केली, दिवा मागे अडकवला, हलवून बघितला, परत काढून परत अडकवला. आणि जणू मी मघापासून त्याच्याशी वाद घालत असल्यासारखा माझ्यावर ओरडला, "हा लावल्याशिवाय तिला जाऊ देणार नाही मी, सांगून ठेवतो!"

जाऊ देणार नाही म्हणाला, आणि पावसात जाऊन फाटक उघडून धरून उभा राहिला.